पाठ बाप्पाकडे, डोळे गर्दीकडे : नाशिकच्या मिरवणुकीत पहिल्यांदाच बंदोबस्ताला उभं राहणाऱ्यांसाठी

मंडळाने यादीत तुमचं नाव टाकलं. गळ्यात ओळखपत्र आलं, अंगात टी-शर्ट आला, हातात दोरीचं टोक आलं. उभं राहून नेमकं करायचं काय, हे मात्र सहसा कोणी समजावत नाही. जुने कार्यकर्ते म्हणतात, "ये, बघत बघत शिकशील." शिकतोही माणूस, पण तोवर दोन-चार मोबाइल आणि एखादं मंगळसूत्र गेलेलं असतं. म्हणून हा लेख. अनंत चतुर्दशीची मिरवणूक डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, पण कालिकेची यात्रा, रंगपंचमी किंवा पंचवटीतला रथोत्सव, कुठेही उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खिसे कापणं, बायकांना होणारा त्रास आणि चेंगराचेंगरी या तीन वेगळ्या डोकेदुख्या वाटतात, पण त्या बहुतेक वेळा एकाच जागी सुरू होतात : गर्दी जिथे थांबते आणि मागून रेटा सुरूच असतो तिथे. चालत्या गर्दीत चोराला हात घालायला निवांतपणा मिळत नाही. त्यामुळे चोर पकडणं हे तुमचं मुख्य काम नव्हे. गर्दी सरकती ठेवणं हे तुमचं काम.

पायरी पहिली : रस्ता पायी फिरून घ्या

मिरवणुकीच्या आठवडाभर आधी, एकदा दिवसा आणि एकदा रात्री दहानंतर, सगळा मार्ग चाला. गाडीवरून नाही, पायी. पारंपरिक मार्ग वाकडी बारवेपासून निघतो. चौक मंडई, जहांगीर मशीद, दादासाहेब फाळके रोड, महात्मा फुले मार्केट, भद्रकाली करत गाडगे महाराज पुतळ्याशी येतो. तिथून धुमाळ पॉइंट, सांगली बँक सिग्नल, महात्मा गांधी रोड, मेहेर सिग्नल, अशोकस्तंभ, रविवार कारंजा. मग होळकर पूल ओलांडून मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा, मालवीय चौक आणि शेवटी कपालेश्वराच्या बाजूने म्हसोबा पटांगण. जन्मापासून नाशकात राहणाऱ्याला हा मार्ग तोंडपाठ असतो, पण त्यालाही रुंदी ठाऊक नसते. तीच तर बघायची आहे.

जुन्या नाशकातला सुरुवातीचा टप्पा अरुंद. एमजी रोडला आलं की मोकळं वाटतं, लोक पसरतात, ढोल पथकं खेळ लांबवतात. रविवार कारंजाकडे वळताना तीच पसरलेली गर्दी पुन्हा आवळायला लागते आणि पुढे पुलावर जायचं असतं. नरसाळ्यात वरून ओतत राहिलं की जे होतं ते इथे होतं. वहीत अशा जागांची नोंद करा : रस्ता कुठे आवळतो, कुठे वळतो, कुठे उतार लागतो. दुकानांचे ओटे, उघडी गटारं, खाली लोंबणाऱ्या वायरी आणि बंद पडलेले पथदिवे टिपा. दिव्यांची तक्रार महापालिकेकडे आठवडाभर आधी केली तर काम होतं, आदल्या दिवशी केली तर होत नाही. मार्गाला फुटणाऱ्या बोळांपैकी कोणता पलीकडे निघतो आणि कोणता एखाद्या वाड्यात संपतो, हेही बघा. माणसं बाहेर काढायची वेळ आली तर हीच माहिती कामाला येते. आंधळ्या बोळात गर्दी वळवणं हा सरळ धोका आहे.

उताराचं मुद्दाम सांगतो. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थ कुंभमेळ्याच्या शाही स्नानादिवशी सरदार चौकातून रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. पंचवटीतले जुने लोक अजून त्या वाटेने जाताना बोलायचं थांबतात. उतारावर पुढचा एक पडला की मागच्याला थांबता येत नाही, आणि मागच्याच्या मागच्याला तर पुढे काय झालंय हे कळतही नाही. गोदाघाटाकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा उताराच्याच आहेत.

आणि नदी. विसर्जनाच्या सुमारास गोदावरीवरचं गंगापूर धरण बहुधा भरलेलं असतं आणि विसर्ग सुरू असू शकतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय हे नाशिककर सवयीने बघतो, पण तुम्ही त्यावर थांबू नका. त्या दिवशीचा विसर्ग विचारून घ्या आणि घाटावर उभ्या असलेल्या आपल्या पोरांना सांगा.

पायरी दुसरी : पोलिसांच्या बंदोबस्तात आपली जागा ओळखा

नवख्याला वाटतं, खाकी दिसली म्हणजे पोलीस, संपलं. बंदोबस्ताची रचना त्याहून बरीच खोल असते. चौकाचौकांत फिक्स पॉइंट असतात. तिथला अंमलदार जागा सोडत नाही, त्याने सोडायचीही नसते. मिरवणुकीसोबत चालणारा वेगळा बंदोबस्त असतो. होमगार्ड, राज्य राखीव दल आणि दंगल नियंत्रण पथक अंतरावर उभं असतं. साध्या वेशातली गुन्हे शोध पथकाची माणसं गर्दीत मिसळलेली असतात, ज्यांना ठाण्यात सगळे 'डीबी'वाले म्हणतात. बॉम्ब शोधक पथक आधीच मार्ग तपासून जातं. महिलांसाठी निर्भया पथक फिरत असतं.

याच्या कितीतरी आधी, सण सुरू होण्यापूर्वीच बरंच काम झालेलं असतं. शांतता समितीच्या बैठका होतात. सराईतांवर प्रतिबंधक कारवाई होते, काहींना महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ५५ ते ५७ या कलमांखाली तडीपार केलं जातं. कलम ३७ चे मनाई आदेश निघतात. तुमच्या गल्लीतला एखादा 'भाई' दहा दिवस दिसत नसेल तर कारण हे असू शकतं. आणि तोच जर विसर्जनाला तुमच्या ट्रॅक्टरवर नाचताना दिसला, तर मंडळाची अडचण होणार आहे. पदाधिकाऱ्याच्या कानावर घाला, पदाधिकाऱ्याने ठाण्यात कळवावं. तुम्ही स्वतः त्याच्याशी बोलायला जाऊ नका.

तुम्ही करायचं ते एवढंच : तुमचा टप्पा कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो ते विचारा. मार्ग भद्रकाली, सरकारवाडा आणि पंचवटी अशा हद्दी ओलांडत जातो. प्रत्येक हद्दीतल्या जवळच्या पॉइंटवरच्या अंमलदाराला आपण होऊन ओळख द्या. "साहेब, मी अमुक मंडळाचा, इथून तिथपर्यंत मी आहे." इतकं वाक्य पुरतं. पुढे रात्री अकराला त्या अंमलदाराचं लक्ष वेधायचं असेल, तर ओळखीच्या चेहऱ्याला वेळ लागत नाही.

एक गैरसमज काढून टाका. टी-शर्टावर 'स्वयंसेवक' किंवा 'पोलीस मित्र' छापलं म्हणून कोणाची झडती घेण्याचा, मोबाइल उघडून बघण्याचा किंवा कानाखाली द्यायचा अधिकार मिळत नाही. कायद्याने विशेष पोलीस अधिकारी नेमता येतात, पण ती लेखी नेमणूक असते, टी-शर्ट नव्हे. बाकी तुम्ही साधे नागरिक. आणि साध्या नागरिकालाही काय करता येतं, ते पुढे येईलच.

पायरी तिसरी : चोर कसा काम करतो ते समजून घ्या

गर्दीतला चोर क्वचितच एकटा असतो. तिघं-चौघं असतात आणि कामं वाटलेली असतात. एक पुढे अडतो : बूट बांधायला वाकतो, अचानक थांबतो, नाचायला लागतो. दुसरा बाजूने किंवा मागून धक्का देतो. तिसरा हात घालतो. चौथा माल घेऊन उलट्या दिशेने निघून जातो. म्हणूनच "यानेच घेतला, बघा याचा खिसा" म्हणून धरलेल्या माणसाकडे काही सापडत नाही. त्याच्याकडे मोबाइल चार-पाच सेकंदही राहिलेला नसतो. टोळीत बायकाही असतात, आणि कधीकधी लहान मुलं पुढे केली जातात.

त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. आरती सुरू आहे, हात जोडलेले, डोळे मिटलेले. मोठी मूर्ती समोर आली, सगळ्यांचे मोबाइल वर, आणि व्हिडिओ काढून झाल्यावर तोच मोबाइल न बघता शर्टाच्या वरच्या खिशात किंवा मागच्या खिशात. लेझीमवाले जोरात आले की लोक पुढे झुकतात. पावसाची सर आली की सगळे एकाच शेडखाली घुसतात. प्रसादाची रांग तर आहेच. गुलालवाडी व्यायामशाळेचं लेझीम बघायला गर्दी कशी दाटते हे तुम्हाला माहीत असेल. त्या क्षणी तुम्ही लेझीम बघत असाल, तर तुम्ही बंदोबस्तावर नाही, प्रेक्षकांत आहात.

ओळखायचं कसं? नजरेवरून. मिरवणुकीत सगळ्यांचे डोळे वर, मूर्तीकडे किंवा रोषणाईकडे असतात. चोराचे डोळे खाली, कंबरेच्या आणि गळ्याच्या उंचीवर फिरतात. तो गर्दीच्या उलट, आडवा, पुन्हा पुन्हा त्याच टापूत येतो. हातावर जर्किन, उपरणं किंवा दुमडलेली पिशवी असते. हाताची हालचाल झाकायला ती पुरते. वाजंत्री जोरात असताना त्याच्या पायात ठेका नसतो.

कशावरून ओळखायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. कपडे मळके आहेत, बोली वेगळी आहे, पालावरचा वाटतो, यावरून चोर ठरवू नका. इंग्रजांनी काही जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, पण डोक्यांतून अजून गेलेला नाही. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना 'मुलं पळवणारी टोळी' समजून जमावाने ठार मारलं. कारण काय होतं, तर मोबाइलवर फिरलेली अफवा. मिरवणुकीत "चोर, चोर" अशी आरोळी ठोकण्याआधी राईनपाडा आठवा. मला विचाराल तर स्वयंसेवकाने हा शब्द गर्दीत मोठ्याने उच्चारूच नये. आरोळीने चोर पळतो आणि गर्दी एकाच दिशेला धावते, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान.

पायरी चौथी : उभं राहायचं कसं

पाठ बाप्पाकडे, तोंड लोकांकडे. दोरीचं कडं धरणाऱ्यांसाठी एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं. सुरुवातीला वाईट वाटतं, वर्षभर वाट बघितलेली मूर्ती पाठीमागून जात असते. दर्शन सकाळी मंडपात करून या.

दोरी कंबरेच्या उंचीला धरा, मनगटाला गुंडाळू नका. गर्दीचा झटका आला तर मनगट मोडेल. एका जागी तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, माणसं आलटून पालटून बदला. चार तास दोरी धरलेल्या पोराला समोर काय चाललंय ते दिसेनासं होतं. पाणी पीत राहा. आणि कोणाच्या तोंडाला वास येत असेल तर त्याला त्या रात्री दोरीवर ठेवू नका, मग तो अध्यक्षांचा भाचा का असेना.

आता खंड. आपलं मंडळ आणि पुढचं मंडळ यांच्यात मोकळी जागा राहिली की त्यात बघे शिरतात, आणि मग पुढे सरकायला जागा उरत नाही. मागचं मंडळ चिकटतं, दोन्ही ठेके एकमेकांवर आदळतात. मंडळांची भांडणं पाहिलीत तर त्यांचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडेल. आपला खेळ लांबला की मागच्यांची रात्र संपते. म्हणून एका अनुभवी माणसाला फक्त हेच काम द्या : पुढच्या मंडळाचं शेवटचं वाहन डोळ्यांसमोर ठेवायचं आणि अंतर वाढलं की पथकप्रमुखाला हलवायचं. जहांगीर मशिदीसारख्या जागी, भद्रकालीच्या चौकात, पुलाच्या तोंडाशी, जिथे पोलीस "थांबू नका" म्हणतात तिथे वाद न घालता चालत राहा. त्यामागे शांतता समितीतल्या बैठकांत ठरलेलं असतं, आणि ते दोन्ही बाजूंच्या शहाण्या माणसांनी ठरवलेलं असतं.

गर्दी किती झाली म्हणजे जास्त? एका चौरस मीटरला चारपर्यंत माणसं असली तर चालता येतं. पाच-सहाच्या पुढे गेलं की माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. मोजपट्टी कोणी घेऊन जात नाही, म्हणून खुणा लक्षात ठेवा. खांद्याला खांदे लागून हात छातीपर्यंत नेता येत नाहीत. डोक्यांची लाट पुढे-मागे जाताना दिसते. लोक बोलायचे बंद होतात किंवा एकदम ओरडायला लागतात. चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली तुडवून मरतात असा समज आहे. पुष्कळदा उभ्याउभ्याच छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो.

अशा वेळी पुढून "मागे व्हा" ओरडून उपयोग नसतो. दाब जिथून येतो तिथे, म्हणजे मागे, येणारी गर्दी आधी थांबवायची. पॉइंटवरच्या पोलिसाला सांगा, "मागचं तोंड बंद करा." वाजंत्री बंद करा, डीजे बंद करा, म्हणजे घोषणा ऐकू जाईल. मग मोकळ्या बोळातून बाजूने माणसं काढा. स्वतः अडकलात तर दोन्ही हात छातीसमोर धरा, रेट्याच्या विरुद्ध झगडू नका, दोन रेट्यांच्या मधल्या क्षणी तिरकं तिरकं कडेकडे सरका. पडलेली चप्पल, मोबाइल उचलायला वाकू नका. कोणी पडलं तर तिघाचौघांनी हात गुंफून भोवती उभं राहायचं आणि पाचव्याने उचलायचं.

आवाजाचं थोडक्यात : रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ती मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. लेझरचा झोत मात्र मंडळाने स्वतःहून टाळावा. २०२३ च्या विसर्जनानंतर डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे गेले होते. मिरवणुकीत जन्माची नजर घालवून घेण्यासारखं त्यात काही नाही.

पायरी पाचवी : दिसलं, आता काय?

बघा, सांगा, सरकवा. या क्रमाने.

संशयिताचं वर्णन सांगताना खालून वर जा : पायात काय, पँट कोणती, अंगात काय, मग चेहरा. कारण शर्ट बदलला जातो, टोपी काढली जाते. बूट-चप्पल बदलायला गर्दीत कोणाला वेळ नसतो. "काळा शर्ट, दाढी" हे वर्णन त्या रात्री अर्ध्या नाशकाला लागू पडेल. "पांढरे बूट, उजव्यावर निळी पट्टी, होळकर पुलाकडून रविवार कारंजाकडे" याने माणूस सापडतो. जागा सांगताना दुकानाचं नाव नको, सगळ्यांना ठाऊक असलेली खूण आणि दिशा सांगा. सीसीटीव्ही बघणाऱ्यालाही तेच उपयोगी पडतं.

पोलीस जवळ नसेल तर ११२. मिरवणुकीत नेटवर्क कोलमडतं. कॉल लागला नाही तर एसएमएस टाका, आणि एक धावणारा पोरगा आधीच ठरवून ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विसंबू नका, तो मेसेज पहाटे पोहोचतो.

चोरी तुमच्या डोळ्यांदेखत झाली आणि माणूस हाताशी आला, तर? दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा समोर घडला तर साध्या नागरिकालाही आरोपीला धरता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमाप्रमाणे त्याला विनाविलंब, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. सहा तास ही कमाल मर्यादा, तुम्हाला पॉइंट गाठायला सहा मिनिटं पुरावीत. दोघांनी दोन बाजूंनी धरा, भोवती आपलीच माणसं उभी करा, ती त्याला मारण्यासाठी नव्हे, वाचवण्यासाठी. मार खाल्लेला आरोपी म्हणजे तुमच्याच पोरांवर गुन्हा आणि मूळ फिर्याद बाजूला. त्याच्या हातात चाकू किंवा कोयता दिसला तर धरायला जाऊच नका. लोक मागे घ्या आणि कळवा.

बेवारस पिशवी, डबा, सायकल दिसली तर हात लावू नका, उचलून बघू नका. लोक लांब करा, दोरी आडवी धरा, पोलिसांना बोलवा. शंभरात नव्याण्णव वेळा आत कोणाचे तरी ओले कपडे निघतात. तरीही.

पायरी सहावी : हरवलेलं मूल

मंडळाच्या माइकवरून "तीन वर्षांचा आरव सापडला आहे, लाल शर्ट" अशी घोषणा सर्रास ऐकू येते. चांगल्या मनाने केलेली चूक आहे ती. मुलाचं नाव, वय, कपडे सगळं जाहीर केलं की कोणीही येऊन "आरव, ये बाळा" म्हणू शकतो. मुलाला आईवडिलांचं नाव विचारा आणि आईवडिलांना पुकारा : "अमुक गावचे अमुक, आपण स्टेजजवळ यावं." आलेल्या माणसाला मुलाचं वर्णन करायला लावा, अंगावरच्या खुणा विचारा, मग मुलाला समोर आणा आणि ते त्यांच्याकडे कसं जातं ते बघा. मोबाइलमध्ये मुलाचे फोटो असतातच. मूल सोपवताना पोलीस हवाच. आणि तोवर मुलाजवळ एक बाई स्वयंसेवक आणि आणखी एक जण, असे दोघं राहू द्या.

घरच्यांना आधीच सांगा : मुलाच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी टाका, आणि चुकलो तर कुठे भेटायचं ते ठरवा. वृद्धांसाठीही हेच करा. हरवणाऱ्यांत आजी-आजोबा काही कमी नसतात, आणि ते रडत नसल्याने लवकर लक्षात येत नाहीत.

पायरी सातवी : बायका-मुलींना त्रास होत असेल तर

"कोणी केलं ते दाखव," असं तिला विचारू नका. दाटीत मागून हात येतो, तिला चेहरा दिसलेला नसतो. आधी मध्ये उभे राहा, तिला कडेला आणा, तिच्यासोबतचं माणूस शोधा. मुलींच्या ढोल पथकाभोवतीचं कडं बायकांनी धरावं, आणि त्या कड्याबाहेर पुरुषांचं दुसरं कडं असावं. अंगचटीला येणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७४ व ७५ व्या कलमांखाली गुन्हा आहे, पाठलाग ७८ खाली. तिला तक्रार द्यायची असेल तर महिला अधिकाऱ्यासमोर देता येते. नको असेल तर तिच्यावर जबरदस्ती करू नका, पण जागा आणि वेळ पॉइंटवर कळवा. तिथे साध्या वेशातलं कोणी पाठवता येतं. महिला हेल्पलाइन १८१ आहे, पण गर्दीत हाकेच्या अंतरावरचा माणूसच आधी पोहोचतो.

पायरी आठवी : चोरी झाली, तक्रार करून घ्या

मोबाइल गेलेला माणूस हबकलेला असतो. त्याला एका बाजूला बसवा आणि ही कामं करून घ्या. दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करायला सांगा आणि यूपीआय, बँकेचे ॲप बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन. मग पोलीस ठाणं.

इथे एक बारकावा आहे. हातातून पडलेला मोबाइल 'गहाळ' आणि कोणीतरी काढून घेतलेला मोबाइल 'चोरी'. गहाळची नोंद पटकन होते, म्हणून ठाण्यात गर्दी असली की लोक स्वतःच "जाऊ द्या, गहाळ लिहा" म्हणतात. तसं करू नका. खिशातून काढला असेल तर ते न्याय संहितेचं कलम ३०३(२), हातातून किंवा गळ्यातून हिसकावला असेल तर कलम ३०४, म्हणजे २०२४ पासून स्वतंत्र गुन्हा. कोणत्या चौकात किती चोऱ्या होतात हे पुढच्या वर्षीच्या बंदोबस्तात दिसावं असं वाटत असेल, तर त्या चोऱ्या आधी कागदावर याव्या लागतात. हद्दीचा प्रश्न आला तरी काळजी नको, गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते, तिला शून्य क्रमांकाने नोंद म्हणतात.

मोबाइलचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. तो बिलावर आणि डब्यावर असतो, आणि *#०६# दाबून आधीच लिहून ठेवता येतो. तक्रारीची प्रत मिळाली की संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. नवीन सिम टाकून कोणी तो चालू केला तर माग लागू शकतो.

मिरवणुकीच्या रात्री मार्गाबाहेर काय होतं याकडे कोणाचं लक्ष नसतं. पूर्ण घर कुलूप लावून बाहेर पडलेलं असतं, अंधाऱ्या गल्लीत दुचाक्यांची रांग असते. घरात एक दिवा चालू ठेवा, शेजाऱ्याला सांगून निघा, गाडीला हँडल लॉकबरोबर साखळीही लावा. आणि 'आज सगळे विसर्जनाला' असा स्टेटस रात्री परतल्यावर टाका.

बाकीचे सण, थोडक्यात

रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात : शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा आणि इतर. धप्पा, म्हणजे रहाडीत उडी, मारायला येणारा माणूस मोबाइल, पाकीट, चेन काठावर मित्राच्या हातात देतो, आणि दहा मिनिटांनी मित्रही उडी मारतो. रहाडीजवळ सामान सांभाळण्याचं टेबल मांडा, पिशवीला क्रमांकाची चिठ्ठी लावा. एक उडी मारून कडेला आल्याशिवाय दुसऱ्याला सोडू नका. सगळे रंगलेले असल्याने वर्णन चेहऱ्यावरून जमत नाही, इथेही पायापासून सुरुवात.

नवरात्रात जुन्या आग्रा रोडवरच्या कालिकेच्या यात्रेत पहाटे येणाऱ्या बायकांच्या गळ्यावर चोरांचं लक्ष असतं. पदर गळ्याभोवती नीट घेऊन पिन लावणं हा जुना उपाय आजही सगळ्यांत चांगला. चैत्रात कामदा एकादशीला पंचवटीत राम आणि गरुडाचे रथ निघतात. तिथे चोरापेक्षा चाकाला जपा. रथाच्या दोराजवळ आणि चाकाच्या रेषेत लहान मुलं येऊ देऊ नका.

२०२७ ची तयारी

पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. अमृतस्नानं, म्हणजे पूर्वीची शाही स्नानं, २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला, आणि तिसरं नाशकात ११ सप्टेंबरला. पंचांग उघडून बघा : ही तिसरी तारीख गणेशोत्सवाच्या ऐन मध्यात येते आणि अनंत चतुर्दशी तिच्यापासून तीन-चार दिवसांवर. म्हणजे तेच पोलीस, तेच घाट, तेच स्वयंसेवक, आणि बाहेरून आलेले लाखो लोक ज्यांना रविवार कारंजा कुठे आहे हे माहीत नाही. त्या आठवड्यात मंडळांना नव्या पोरांना शिकवत बसायला वेळ मिळणार नाही. त्याआधीच्या विसर्जनांना ज्यांनी दोरी धरली असेल त्यांच्यावरच काम पडेल. म्हणून आत्ताच मंडळाच्या बैठकीत दोन याद्या करायला लावा. एक विसर्जनाला उभं राहणाऱ्यांची, दुसरी स्नानाच्या दिवशी. दोन्हीत एकच नाव येऊ देऊ नका. एकाच आठवड्यात दोनदा रात्रभर जागलेला माणूस कड्यात उभा असला तरी त्याचं लक्ष कड्यावर नसतं. यादीत नावापुढे रक्तगट, घरचा नंबर आणि पोहता येतं का हे लिहा, आणि एक प्रत तुमच्या हद्दीच्या ठाण्यात देऊन पोच घ्या.